खाल्लेलं अंगी का लागत नाही?

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर बांगडे घेताना मी पोट दाबून बघत होतो. मावशींनी हातातला मासा काढूनच घेतला. "पोट काय बघतोस? पोटात काय पण असेल. पाठ बघ, पाठ." डोक्यामागच्या मांसावर अंगठा दाबून त्यांनी दाखवलंही. घरी येऊन बांगडे ओट्यावर ठेवले आणि पाळलेल्या माशांच्या काचेच्या टाकीसमोर उभा राहिलो. तीन आठवडे मी माझ्या काळ्या मोलीचं फक्त पोटच बघत होतो. ते गोल होतं, म्हणून निर्धास्त होतो. त्या दिवशी झाकण उघडून पहिल्यांदा वरून पाहिलं. डोकं रुंद आणि मागचं अंग एकदम बारीक, काडेपेटीतल्या काडीसारखं. मोली चांगलीच हडकली होती.

मावशींच्या अंगठ्यामागे शरीरशास्त्र आहे. उपाशी मासा आधी यकृतातली साखर वापरतो, मग चरबी, आणि तीही संपली की स्नायू मोडून खायला लागतो. कण्याच्या दोन्ही बाजूंचा पांढरा स्नायू म्हणजे माशाचं सगळ्यात मोठं कोठार. ते रिकामं होऊ लागलं की पाठीला धार येते. एंजलसारख्या चपट्या माशात डोळ्यांच्या वर कपाळाला खळगे पडतात. पोट मात्र फसवं. त्यात अंडी असतील, पिल्लं असतील, पाणी साठलेलं असेल किंवा जंतही असतील. पोट खपाटीला गेलेला मासा कोणालाही ओळखता येतो, पण फुगल्या पोटाचा आणि सुकल्या पाठीचा मासा नजरेतून निसटतो.

संशय आला तर वजन करावं. पाण्याचा डबा छोट्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवायचा, आकडा शून्यावर आणायचा आणि जाळीतलं पाणी निथळून मासा डब्यात सोडायचा. वाढलेला आकडा म्हणजे माशाचं वजन. नुसत्या वजनाला अर्थ नाही, ते लांबीशी ताडून पाहायला हवं. लांबी 5 सेंटीमीटरवरून 6 झाली, म्हणजे पाचव्या हिश्श्याने वाढली, तर वजन पाऊणपट वाढायला हवं, कारण वजन लांबीच्या घनाच्या हिशेबाने वाढतं. यावरूनच मत्स्यशास्त्रात फुल्टनचा निर्देशांक वापरतात: ग्रॅममधलं वजन गुणिले 100, भागिले सेंटीमीटरमधल्या लांबीचा घन. शेपटी सोडून 5 सेंटीमीटर भरणारी मोली अडीच ग्रॅमची असेल तर उत्तर 2 येतं, 1.6 ग्रॅमची असेल तर 1.3 च्या आसपास. हा आकडा त्याच जातीच्या धडधाकट माशाशीच ताडायचा. एंजलचा आकडा मोलीला लावू नये.

मासा रोड झाला की आपला पहिला हात जातो खाण्याच्या डब्याकडे. मीही चिमटीचं मूठभर केलं. न खाल्लेले दाणे तळाशी कुजले, अमोनिया वाढला, पाणी पांढुरकं झालं आणि टाकीतले धडधाकट गप्पी मासेसुद्धा पृष्ठभागावर येऊन तोंड वासायला लागले. डबा बाजूला ठेवून आधी दहा मिनिटं खुर्ची टाकून बसायला हवं होतं. पाहायच्या गोष्टी दोनच. खाणं तोंडात जातं का? आणि गेलेलं अंगी लागतं का?

तोंडातच जात नसेल तर बहुतेक वेळा कारण शेजारी असतो. टायगर बार्बसारख्या दांडग्या माशांच्या घोळक्यात लाजरा मासा दाण्यापर्यंत पोचतच नाही. सतत हुसकावला जाणारा मासा ताणाखाली असतो आणि ताणातलं शरीर साठवण्याऐवजी खर्चच करतं. त्याला आठवडाभर वेगळ्या टाकीत ठेवलं की उत्तर मिळतं. दुसरा संशयित आपल्याकडचा पाऊस. जूनमध्ये डब्याचं झाकण सैल राहिलं की माशांचं खाणं पापडासारखं सादळतं. त्यातलं क जीवनसत्त्व हवेनेच नासतं, मग बुरशी धरते. बहुतेक मासे हे जीवनसत्त्व स्वतः बनवू शकत नाहीत, त्यामुळे ते अन्नातूनच मिळायला हवं. मी आता लहान डबा आणतो आणि पावसाळ्यात फ्रीजमध्ये ठेवतो. घरचे नाक मुरडतात, पण बाजूला सुकट चालते तर हे का नको?

खातो पण अंगी लागत नाही, ही खरी गुंतागुंत. आमच्याकडे त्याचं एक कारण विहिरीत असतं. जांभ्या दगडातून झिरपलेलं पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्लधर्मी. मोली आणि गप्पीला हवं कठीण पाणी, चुना असलेलं. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात बाहेरचं पाणी सतत शिरत असतं आणि अंगातले क्षार कल्ल्यांतून गळत असतात. पाण्यातलं कॅल्शियम ही गळती रोखून धरतं. ते कमी पडलं की मासा फुटक्या होडीतलं पाणी उपसणाऱ्या खलाशासारखा दिवसरात्र त्याच कामाला जुंपला जातो. यावर मी दुकानातलं काही आणत नाही. तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) कालवण झालं की शिंपल्या उकळायच्या, घासायच्या आणि फिल्टरमध्ये टाकायच्या. त्या हळूहळू विरघळतात, पाणी आपोआप सुधारतं. मऊ पाणी आवडणाऱ्या माशांच्या टाकीत मात्र हा उद्योग करू नये.

माझ्या मोलीचं पाणी ठीक होतं. ती खातही होती, अधाशासारखी. चौथ्या दिवशी ती हलायची थांबून एका जागी तरंगत असताना गुदद्वारातून दोन-तीन लाल दोरे बाहेर आलेले दिसले, शिवणकामाच्या दोऱ्याइतके बारीक. ती हलली की ते आत जायचे.

हे कॅमॅलॅनस नावाचे जंत. आतड्याच्या शेवटच्या भागात तोंड रुतवून रक्त पितात, म्हणून लाल दिसतात. मादी अंडी न घालता थेट जिवंत अळ्या सोडते. निसर्गात त्या अळ्या सायक्लॉप्स नावाच्या टाचणीच्या डोक्याएवढ्या जलचराच्या पोटात जातात आणि तो सायक्लॉप्स माशाने खाल्ला की चक्र पुरं होतं. वडीलधाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. पायातून बाहेर येणारा नारू याच सायक्लॉप्समार्गे पाण्यातून माणसात यायचा आणि वर्गीकरणात तो या जंताचा भाऊबंदच आहे. पाणी गाळून पिण्याच्या मोहिमांनी नारू हटला, 2000 मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. माझ्या टाकीत जंत आला कसा, याचा अंदाज आहे. मे महिन्यात डासांच्या अळ्या द्यायच्या म्हणून मी व्हाळातलं (ओढ्यातलं) पाणी पंचाने गाळलं आणि पंचावर उरलेलं सगळं टाकीत झटकलं होतं. अळ्यांबरोबर सायक्लॉप्सही आला असणार. एकदा टाकीत आला की यातली एक जात सायक्लॉप्सशिवायही एका माशातून दुसऱ्यात पसरते. म्हणून उपचार सगळ्या टाकीला करावा लागतो.

औषध लिव्हॅमिसोल. गुरांच्या जंतांवर वापरतात तेच, त्यामुळे गुरांच्या डॉक्टरांना विचारून घेता येतं. हे जंताच्या स्नायूंना आखडवतं, पकड सुटते आणि तो बाहेर पडतो. प्रमाण लिटरला 2 मिलीग्रॅम, 24 तास. इथे पाण्याचा हिशेब नीट हवा. दोन फुटी टाकी कागदावर 56 लिटरची, पण तळाची वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली तर पाणी भरतं जेमतेम 45, म्हणजे औषध 90 मिलीग्रॅम. औषध उजेडात खराब होतं, म्हणून दिवा बंद. फिल्टरमधला कोळसा काढून ठेवायचा, नाहीतर तो औषध शोषून घेतो.

पहिल्या वेळी मी औषध टाकून झोपलो. सकाळी बघतो तर गप्पी तळावरचे आखडलेले जंत चवीने टिपत होते! जंत मेलेले नसतात, त्यांच्या पोटात अळ्या असतात. तळ लगेच नळीने ओढून काढायला हवा होता. म्हणून तीन आठवड्यांनी दुसरा डोस दिला, या वेळी पहाटे चारला उठून, बॅटरीच्या उजेडात तळ साफ करत.

लांब, पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा दिसली, विशेषतः एंजलमध्ये, तर आतड्यातल्या एकपेशीय परजीवींचा संशय घेतात आणि मेट्रोनिडॅझोल खाण्यातून देतात. पण उपाशी माशाची विष्ठाही नुसत्या शेंबडामुळे पांढरीच दिसते. तेवढ्यावरून गोळी देऊ नये. शिरगावचं मत्स्य महाविद्यालय जवळ आहे, तिथे विचारावं.

एका रोगाला मात्र मी घाबरतो. मासा महिनोन्महिने खंगत जातो, कणा वाकतो, अंगावर व्रण येतात आणि एकेक करत टाकी ओस पडते. हा माशांचा क्षय. त्याच्या जंतूंपैकी मायकोबॅक्टेरियम मरीनमचं वर्णन 1926 मध्ये झालं. घरच्या टाकीत त्यावर भरवशाचा इलाज नाही. हा जंतू माणसाच्या बोटावरच्या जखमेतूनही शिरतो आणि महिनोन्महिने न भरणारी गाठ देतो. म्हणून हाताला कोयत्याची जखम असताना टाकीत हात घालायचा नाही आणि नळी तोंडाने ओढायची नाही.

दुसऱ्या डोसनंतर मोलीला दिवसातून चार वेळा चिमूटभर देत राहिलो. महिन्याने काट्यावर ठेवली, 2.1 ग्रॅम. गौरीच्या आदल्या दिवशी झाकण उघडून पाहिलं तर डोक्यामागची काडी गेली होती, आणि पोटात पिल्लं होती.