‘वेळेवर भरतो, मला काय फरक पडतो?’

कॉलेज रोडवर मिसळ खाताना शेजारच्या काकांनी ठासून सांगितलं, "क्रेडिट कार्डाचे नियम बदलू देत, आपण तारीख चुकवत नाही!" मोबाइलवर त्यांचं बिल पाहिलं. एकूण देणं २०,०००, काकांनी भरले १,०००. तारखेच्या आत, हे खरं. पण ती किमान रक्कम! तिने लेट फी टळते, व्याज नाही. उरलेल्यावर खरेदीच्या दिवसापासून व्याज लागतं, वर नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते. त्यात २० डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा ३० टक्के कमाल व्याजाचा २००८ चा आदेश रद्द केला. त्याची झळ अशांनाच.

पूर्ण बिल भरणारे व्याजातून सुटतात, एवढंच. रिवॉर्ड पॉइंटची कपात, विमानतळावरच्या लाउंजच्या अटी, कार्डाने भरलेल्या घरभाड्यावरचं शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, हे त्यांच्याही माथी येतं. फायद्याचेही नियम आहेत म्हणा: रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार मुदतीनंतर तीन दिवस उलटल्याशिवाय लेट फी लावता येत नाही.

काकांनी उरलेले १९,००० तिथेच भरले. मिसळीचे पैसे मात्र मी दिले.