ऑल-स्टार चिअरलीडिंग जिम : संघाचे नियम आणि कामाच्या वाटा

ऑल-स्टार चिअरलीडिंग जिम ही अमेरिकेत फी घेऊन चालवली जाणारी खासगी प्रशिक्षण केंद्रे आहेत. इथली मुले-मुली शाळेच्या किंवा एखाद्या क्लबच्या संघाचा उत्साह वाढवायला नाचत नाहीत. ती स्वतःच स्पर्धक म्हणून उतरतात. चिअरलीडर म्हटले की मराठी वाचकाला २००८ मध्ये सुरू झालेल्या आयपीएलमधल्या, सीमारेषेबाहेर नाचणाऱ्या मुली आठवतात. त्यापेक्षा दहीहंडीचे पथक डोळ्यांपुढे आणले तर हा खेळ लवकर कळेल : खाली भक्कम खांदे, वर हलका एक्का, आणि एकाचा पाय सरकला की सगळा थर खाली. इथे थर लावायचे, कोलांट्या मारायच्या, उड्या आणि नाचही करायचा, आणि हे सगळे संगीताच्या ठेक्यावर अडीच मिनिटांत बसवायचे.

चिअरलीडिंगची सुरुवात पुरुषांनी केली. २ नोव्हेंबर १८९८ रोजी मिनेसोटा विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल सामन्यात जॉनी कॅम्पबेल या विद्यार्थ्याने प्रेक्षकांपुढे उभे राहून त्यांच्याकडून घोषणा म्हणवून घेतल्या, तो प्रारंभ मानतात. लॉरेन्स हर्किमर यांनी १९४८ मध्ये टेक्सासमध्ये नॅशनल चिअरलीडर्स असोसिएशन काढली आणि उन्हाळी शिबिरांची प्रथा पाडली. जेफ वेब यांनी १९७४ मध्ये युनिव्हर्सल चिअरलीडर्स असोसिएशन स्थापन केली. शाळेच्या संघात जागा मोजक्या आणि सराव सामन्यांच्या वेळापत्रकाला बांधलेला, त्यामुळे फक्त स्पर्धेसाठीचे संघ शाळेबाहेर उभे राहू लागले. टेक्सासमधील प्लेनो इथली चिअर ॲथलेटिक्स ही प्रसिद्ध जिम १९९४ची. तिच्या संघांना पँथर्स, चीताज, वाइल्डकॅट्स अशी मार्जारकुळातली नावे आहेत. २००३ मध्ये यूएसएएसएफ ही या क्षेत्राची नियामक संस्था स्थापन झाली आणि २००४ पासून ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डमध्ये वरच्या पातळ्यांच्या संघांची ‘वर्ल्ड्स’ ही स्पर्धा भरू लागली.

स्पर्धेचा गालिचा ५४ फूट रुंद आणि ४२ फूट खोल असतो. नऊ पट्ट्या एकमेकींना जोडून तो अंथरतात आणि त्याखाली स्प्रिंग बसवलेल्या फळ्या असतात. कोणत्या पातळीवर काय करायला परवानगी आहे हे नियमांनीच ठरते. पहिल्या लेव्हलला हात टेकवून मागे उलटी उडी, म्हणजे बॅक हँडस्प्रिंग, मारता येत नाही. दुसऱ्या लेव्हलला येते. हवेतली कोलांटी तिसऱ्या लेव्हलपासून, आणि वर जाता जाता हवेत दोन गिरक्या घेण्यापर्यंत मजल जाते. २०१९-२० च्या हंगामात या पातळ्यांची फेरआखणी होऊन त्या सात झाल्या.

संघाचे नियम

हंगाम साधारण मे महिन्यात चाचणीने सुरू होतो, उन्हाळ्यात नृत्यरचना बसवली जाते, हिवाळ्यात स्पर्धा सुरू होतात आणि पुढच्या एप्रिल-मेपर्यंत चालतात. चाचणीनंतर पालकांच्या हातात एक पुस्तिका आणि एक करार येतो. पुस्तिकेतले सर्वांत कडक कलम हजेरीचे असते. त्याचे कारण कागदावर वाचून पटत नाही, सराव पाहिला की पटते.

एक स्टंट, म्हणजे एकीला उचलून वर धरण्याची कसरत, चौघांचा असतो. दोन बेस समोरासमोर, मागे बॅकस्पॉट, वर चढणारी ती फ्लायर. ‘पाच, सहा, सात, आठ’ म्हणताच बेस गुडघ्यांत वाकतात, फ्लायरचा बूट त्यांच्या तळहातांवर येतो आणि बॅकस्पॉट तिचा घोटा धरून तिला वर देतो. फ्लायरने पोटापासून टाचेपर्यंत अंग ताठ ठेवायचे आणि खाली पाहायचे नाही. या चौघांतली एक बेस आली नाही की उरलेल्या तिघांना त्या दिवशी काम नाही. बदली मुलगी दोन इंचांनी बुटकी असेल तर बुटाखालची पातळी तिरकी होते आणि फ्लायर एका बाजूला कलते. हाच गट पुढे पिरॅमिडमध्ये शेजारच्या गटाला हात देणारा असेल, तर त्यांचाही सराव अडतो. मग सगळा संघ ‘मार्क’ करतो, म्हणजे संगीत लावून नुसत्या जागा घेतो. पूर्ण ताकदीने, म्हणजे ‘फुल-आउट’, करता येत नाही. एकीच्या गैरहजेरीने वीस जणींची संध्याकाळ वाया जाते. म्हणून स्पर्धेआधीच्या एक-दोन आठवड्यांत एकही सराव चुकवायचा नाही, असे बहुतेक जिम लिहूनच घेतात.

पण हे कलम कसे लिहिले आहे यावर जिमची पारख व्हावी. आजारपणाची सुटी गैरहजेरीत धरली की मुली ताप अंगावर काढून येतात आणि डोक्याला लागलेले लपवतात. दुखापतीत बसून पाहण्याची मुभा, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय चटईवर परत न घेण्याचा नियम आणि आजारपणात जागा गमावणार नाही याची हमी, या तिन्ही गोष्टी स्पष्ट शब्दांत असल्या पाहिजेत. मेंदूला बसलेल्या धक्क्याबाबत वॉशिंग्टन राज्याने २००९ मध्ये कायदा केला आणि पुढे सर्व राज्यांनी तो कित्ता गिरवला. मात्र हे कायदे प्रामुख्याने शालेय खेळ डोळ्यांपुढे ठेवून झाले. खासगी जिममध्ये मुलीचे रक्षण बऱ्याच अंशी त्या पुस्तिकेवरच अवलंबून राहते.

दुसरा वादाचा विषय म्हणजे कोणाला कोणत्या संघात घ्यायचे. पालकांना वाटते, मुलीला हवेतली कोलांटी जमली की तिला वरची लेव्हल मिळालीच पाहिजे. प्रशिक्षकाला मात्र फ्लायर किती आणि बेस किती हे जुळवायचे असते. शिवाय चटईवर एकदोघींना जमून भागत नाही, संघातल्या बहुतेकींना जमावे लागते. म्हणून चांगल्या जिम ‘संघरचनेचा निर्णय अंतिम’ एवढेच लिहून थांबत नाहीत, तो कशावर ठरतो तेही लिहितात. एकाच मुलीला दोन संघांत खेळवण्याची पद्धतही आहे, तिला क्रॉसओव्हर म्हणतात. जिमला ती सोयीची, मुलीच्या मनगटांना आणि गुडघ्यांना मात्र जड.

पैशाची कलमे पालक घाईघाईने वाचतात आणि नंतर पस्तावतात. मासिक फी वेगळी, गणवेश वेगळा, नृत्यरचना, परवाना घेतलेले संगीत, स्पर्धांची प्रवेश फी, प्रवास हे सगळे वेगळे. नृत्यरचनाकाराला आणि स्पर्धेला पैसे आधीच भरावे लागतात, त्यामुळे हंगाम अर्ध्यावर सोडला तरी ते परत मिळत नाहीत, आणि करारात तसे लिहिलेले असते. अनेक मोठ्या स्पर्धांना ‘स्टे-टू-प्ले’ची अट असे : आयोजकांनी ठरवलेल्याच हॉटेलांत उतरा, नाहीतर संघ बाद. व्हर्सिटी या कंपनीकडे स्पर्धा, गणवेश आणि शिबिरे या तिन्ही बाजारांची मोठी सत्ता एकवटल्याचा आरोप करत २०२० मध्ये जिम आणि पालकांनी टेनेसीतील संघराज्य न्यायालयात मक्तेदारीविरोधी दावे लावले. कंपनीने आरोप नाकारले, पण त्यांपैकी एका दाव्यात २०२३ मध्ये ४ कोटी ३५ लाख डॉलरची आणि दुसऱ्यात २०२४ मध्ये ८ कोटी २५ लाख डॉलरची तडजोड झाली.

खर्च उचलायला पालक मंडळ स्थापून वर्गणी गोळा करण्याची रीत आहे. तिच्यात एक खाच आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. जो पालक जितक्या वस्तू विकेल तितकी सूट त्याच्याच मुलीच्या फीत, असा हिशेब ठेवला तर मंडळाची करमाफी जाऊ शकते. व्हर्जिनियातील कॅपिटल जिम्नॅस्टिक्स बूस्टर क्लब या पालक मंडळाची माफी याच कारणाने गेली आणि २०१३ मध्ये अमेरिकेच्या कर न्यायालयाने तो निर्णय कायम केला. संस्था जिम्नॅस्टिक्सची होती. चिअरच्या पालक मंडळांनाही तोच न्याय लागू होतो. जमलेला पैसा सगळ्यांच्या खर्चाला सारखा लावावा लागतो.

मुलांची सुरक्षा हा भाग पूर्वी पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर असे. तो पहिल्या पानावर असायला हवा. फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिकेत लागू झालेल्या सेफ स्पोर्ट कायद्याने खेळांतील प्रौढांवर लैंगिक शोषणाची माहिती तातडीने कळवण्याची जबाबदारी टाकली. २०२२ मध्ये दक्षिण कॅरोलिनातील न्यायालयात चिअरलीडिंगमधील शोषणाबाबत एकामागून एक दावे दाखल झाले, तेव्हा कागदावरचे नियम किती पोकळ राहू शकतात हे उघड झाले. आज नीट चालणाऱ्या जिममध्ये प्रशिक्षकाची पार्श्वभूमी तपासलेली असते, खासगी शिकवणी बंद दाराआड होत नाही, प्रशिक्षक मुलीला एकटीला संदेश पाठवत नाही आणि स्पर्धेच्या गावी एका खोलीत राहत नाही. सराव काचेआडून पाहण्याची खोली हीसुद्धा सुरक्षेचीच सोय आहे. पालकांनी तिथून खुणा करून मुलीला शिकवू नये हा नियम योग्यच, पण ती खोली कायमची बंद ठेवणाऱ्या जिमपासून दूर राहावे.

कामाच्या वाटा

या व्यवसायात बहुतेक जण आतूनच येतात. सोळा-सतराव्या वर्षी लहानग्यांच्या वर्गात मदतनीस, मग कोलांट्यांचा वर्ग, मग एखाद्या छोट्या संघाची जबाबदारी. यूएसएएसएफची प्रमाणपत्रे लेव्हलप्रमाणे आणि कौशल्याप्रमाणे वेगवेगळी मिळतात : कोलांट्या शिकवण्याचे वेगळे, स्टंटचे वेगळे. मोबदला बहुधा तासावर असतो आणि वर्ग संध्याकाळी व शनिवार-रविवारी असल्याने अनेक प्रशिक्षक दिवसा दुसरी नोकरी करतात. पूर्ण वेळ पगार देणाऱ्या जागा म्हणजे जिमचा व्यवस्थापक, वर्गांचा प्रमुख, क्वचित मुख्य प्रशिक्षक. खासगी शिकवणीतून बरे पैसे मिळतात. त्यातला जिमचा वाटा किती हे आधीच ठरवून घ्यावे.

नोकरीच्या करारातली सर्वांत मोठी फसगत इथे होते. जिम वेळ ठरवते, गणवेश ठरवते, काय शिकवायचे तेही ठरवते, आणि तरी प्रशिक्षकाला कर्मचारी न मानता स्वतंत्र कंत्राटदार म्हणून दाखवते. मग ओव्हरटाइम नाही, दुखापतीचा विमा नाही, कराचा सगळा भार स्वतःवर. मुलीला झेलताना प्रशिक्षकाचाच खांदा निखळतो अशा कामात हे अन्यायाचे आहे. व्यावसायिक संघांच्या चिअरलीडरांनी याच मुद्द्यावर न्यायालयाची वाट धरली होती. ओकलंड रेडर्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या चिअरलीडरांचा वेतनाचा दावा २०१४चा, आणि त्यापाठोपाठ २०१५ मध्ये कॅलिफोर्नियाने व्यावसायिक चिअरलीडरांना कर्मचारी मानणारा कायदा केला. जिममधल्या प्रशिक्षकांकडे असे नाव घेऊन केलेला कायदा नाही.

चटईबाहेरही कामे आहेत. नृत्यरचनाकार उन्हाळ्यात एका जिमहून दुसऱ्या जिमला फिरतात, दोन-तीन दिवसांत अडीच मिनिटे बसवून देतात आणि वर्षाची बरीचशी कमाई तेवढ्यात करतात. संगीत जोडणारे, परीक्षक, शिबिरांतले शिक्षक, मंच आणि ध्वनी सांभाळणारे यांनाही हंगामात मागणी असते.

खेळाडूंसाठी महाविद्यालयाची वाट महत्त्वाची. केंटकी विद्यापीठाचा संघ आणि टेक्सासमधील कॉर्सिकाना इथल्या नवारो कॉलेजचा संघ ऑल-स्टार जिममधून आलेल्या मुला-मुलींवर उभे आहेत. शिष्यवृत्ती मिळते, पण अनेक ठिकाणी ती पूर्ण खर्च भागवणारी नसते. चिअरलीडिंगला विद्यापीठीय खेळाचा दर्जा नाही हे त्यामागचे एक कारण. क्विनिपिअॅक विद्यापीठाच्या खटल्यात २०१० मध्ये न्यायालयानेही स्पर्धात्मक चिअरला समान संधीच्या कायद्यापुरते खेळ मानले नाही. त्यानंतर त्याच कौशल्यांवर दोन नवे खेळ आकाराला आले. ॲक्रोबॅटिक्स अँड टम्बलिंगला २०२० मध्ये आणि ‘स्टंट’ याच नावाच्या खेळाला २०२३ मध्ये एनसीएए या महाविद्यालयीन खेळांच्या संघटनेने महिलांच्या उदयोन्मुख खेळांच्या यादीत घेतले. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने जुलै २०२१ मध्ये चिअरच्या जागतिक संघटनेला पूर्ण मान्यता दिली, त्यामुळे इतर देशांतही अमेरिकन प्रशिक्षकांना बोलावणे येते.

जिमची मालकी हे अनेक प्रशिक्षकांचे स्वप्न. उंच छताचे गोदाम भाड्याने घ्यायचे, चटई आणि विमा यांत मोठी रक्कम गुंतवायची आणि लहान मुलांच्या साध्या वर्गांच्या फीवर ती वसूल करायची. झळाळणारे स्पर्धक संघ सहसा नफा देत नाहीत. नवी जिम बहुतेक वेळा जुन्या जिममधून फुटूनच निघते. लाडका प्रशिक्षक बाहेर पडतो आणि त्याच्यामागे वीस कुटुंबे जातात. हंगामात जिम बदलण्याआधी जुन्या जिमची सुटका-चिठ्ठी घ्या, हे मुलांच्या करारातले कलम आणि अमुक मैलांच्या आत दोन वर्षे शिकवू नका, हे प्रशिक्षकाच्या करारातले कलम, ही दोन्ही या एकाच भीतीपोटी लिहिली जातात. दुसऱ्या कलमावर अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाने एप्रिल २०२४ मध्ये देशभर बंदी जाहीर केली होती. ती लागू होण्याआधीच ऑगस्टमध्ये टेक्सासच्या संघराज्य न्यायालयाने रद्द ठरवली. कॅलिफोर्नियात असे कलम मुळातच चालत नाही. तिथला प्रशिक्षक राजीनामा देऊन दुसऱ्या दिवशी शेजारच्या गोदामात चटई अंथरू शकतो.