ऑल इंडिया कोटा आणि स्टेट कोटा: एमडीएसच्या सरकारी जागेचा अर्ज भरण्याआधी

नीट एमडीएसचा, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की दरवर्षी तोच प्रश्न कानावर येतो: "ऑल इंडियातून सीट घेऊ की स्टेटमधून?" विचारणाऱ्याच्या मनात पक्कं बसलेलं असतं की ऑल इंडियाची सीट म्हणजे वरच्या दर्जाची आणि स्टेटची म्हणजे त्याखालची. हा समज मला खरोखर खुपतो, कारण त्यापायी हुशार मुलं चुकीच्या गोष्टीची काळजी करत बसतात आणि जिथे सीट हातची जाऊ शकते तिकडे बघतही नाहीत.

स्टेट कोटा तुम्हाला माहीत आहे, म्हणून थोडक्यात. मुंबईचं शासकीय दंत महाविद्यालय, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, पालिकेचं नायर या कॉलेजांतल्या एमडीएसच्या निम्म्या जागा राज्याचा सीईटी सेल (राज्याचा प्रवेश कक्ष) भरतो. उरलेल्या निम्म्या दिल्लीची एमसीसी (केंद्राची वैद्यकीय समुपदेशन समिती) भरते, तोच ऑल इंडिया कोटा. परीक्षा दोन्हींना एकच: २४० प्रश्न, ९६० गुण. आत गेल्यावर विभाग तोच, ओपीडी तीच, गाइड तेच, पहिल्या वर्षाच्या शेवटी पार्ट वनचा पेपरही तोच. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या पदवीवर कोटा छापलेला नसतो. दर्जाचा विषय इथेच संपला.

आकड्यांचा गोंधळ मात्र एका वाक्यात सांगायलाच हवा. "प्रोस्थो (कृत्रिम दातांची शाखा) अमुक नंबरला बंद झालं" असं कुणी म्हणालं, तर आधी विचारा की हा ऑल इंडिया रँक आहे की राज्याच्या गुणवत्ता यादीतला क्रमांक. हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून तुलना करणं निरर्थक आहे, तरी लोक ती सर्रास करतात.

आता ज्यावर मुलं खरोखर अडतात ते. राज्यातला तुमचा प्रवर्ग ऑल इंडिया कोट्यात जसाच्या तसा चालत नाही. बारावीनंतर बीडीएसला (दंतवैद्यकाच्या पदवीला) स्टेटमधून प्रवेश घेतलेला असतो, तेव्हापासून फाइलमध्ये एकच जातीचा दाखला, एकच नॉन क्रीमी लेयर आणि एक जात वैधता प्रमाणपत्र असतं. हीच फाइल एमसीसीलाही पुरेल असं सगळे धरून चालतात, आणि नेमकी तिथेच ती कमी पडते.

राज्याच्या प्रवर्गांची रचना आपल्या अंगवळणी पडलेली आहे: अनुसूचित जाती १३ टक्के, अनुसूचित जमाती ७, विमुक्त जाती ३, एनटी-बी (एनटी म्हणजे भटक्या जमाती) अडीच, एनटी-सी साडेतीन, एनटी-डी २, ओबीसी १९, शिवाय ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) आणि २०२४ च्या कायद्याने आलेलं १० टक्के एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग). ऑल इंडिया कोट्यात यांतले अर्धे रकाने नाहीतच. तिथे अनुसूचित जाती १५, जमाती साडेसात, ओबीसी २७ आणि ईडब्ल्यूएस १० टक्के. ओबीसी आणि ईडब्ल्यूएस हे दोन ऑल इंडिया कोट्यात २०२१-२२ पासून लागू आहेत, म्हणून जुन्या सीनिअरचा सल्ला इथे उपयोगाचा नाही.

मग एनटी-सीच्या धनगर मुलीने काय करायचं? एनटी-डीच्या वंजारी मुलाने? विमुक्त जातीतल्या बंजारा मुलाने? या तिन्ही जाती महाराष्ट्रासाठीच्या केंद्रीय ओबीसी यादीत आहेत. म्हणजे स्टेटमध्ये जो मुलगा २ टक्क्यांच्या रकान्यात लढतो, तोच ऑल इंडियात २७ टक्क्यांच्या रकान्यात येतो, फक्त तिथे स्पर्धा देशभरातल्या ओबीसींशी असते. पण त्यासाठी हातात केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला लागतो. "मी एनटी आहे, तिथे एनटी नाही, म्हणून ओपन भरलं" हे वाक्य ऐकलं की जीव तुटतो. त्या मुलाने स्वतःचा हक्क स्वतःच्या हाताने सोडलेला असतो.

एसईबीसीचं उलट आहे. तो प्रवर्ग राज्याचा आहे, त्या दाखल्यावर ऑल इंडियात काहीच मिळत नाही. तिथे ओपनमधून लढायचं, किंवा निकषांत बसत असाल तर केंद्राचा ईडब्ल्यूएस दाखला काढायचा. त्यात आठ लाखांच्या उत्पन्न मर्यादेबरोबर मालमत्तेच्याही अटी आहेत: कुटुंबाची शेती पाच एकर किंवा जास्त असेल, किंवा हजार चौरस फूट वा त्याहून मोठा फ्लॅट असेल, तर दाखला मिळत नाही.

दोन्ही ओबीसी दाखले टेबलावर शेजारी ठेवून बघा. दोन्हींवर तुमचं नाव, दोन्हींवर जात, दोन्हींवर सरकारी शिक्का. वरवर पाहणाऱ्याला फरक कळतच नाही. केंद्राच्या नमुन्यात तुमची जात भारत सरकारच्या यादीत असल्याचा उल्लेख असतो आणि क्रीमी लेयरसाठी डीओपीटीच्या (केंद्राच्या कार्मिक विभागाच्या) ८ सप्टेंबर १९९३ च्या ज्ञापनाचा हवाला असतो. राज्याच्या दाखल्यात तो नसतो. कॉलेजात रिपोर्टिंगच्या दिवशी कागद तपासणारा माणूस हेच वाचतो, आणि शिवाय दाखल्याची तारीख. नमुना चुकला की त्या प्रवर्गातून मिळालेली जागा रद्द होते, मग रँक कितीही चांगला असो. सेतूत अर्ज देताना "केंद्राच्या नमुन्यातला" असं स्पष्ट सांगा, नाहीतर नेहमीचाच दाखला हातात पडेल. हे काम निकालानंतर काढू नका. फेऱ्यांच्या तारखा प्रांत कार्यालयासाठी थांबत नाहीत. जात वैधता ही राज्याच्या प्रवेशाची अट आहे, ती फाइलमध्ये असली म्हणून केंद्राच्या दाखल्याची उणीव भरून निघत नाही.

ओपनमधून लढणाऱ्यांना यातलं काहीच लागू नाही. त्यांनी दोन्हीकडे अर्ज करावा आणि पुढे वाचावं.

दुसरा फरक छोटा, पण राज्याबाहेर जाणाऱ्यांसाठी महत्त्वाचा. ऑल इंडियामुळे कोलकात्याचं १९२० साली सुरू झालेलं डॉ. आर. अहमद दंत महाविद्यालय, चेन्नई, बंगळुरू, तिरुअनंतपुरम, अहमदाबाद ही सरकारी कॉलेजं तुमच्या यादीत येतात. मात्र फी, स्टायपेंड आणि बाँड (शिकून झाल्यावरच्या सेवेची सक्ती) हे कॉलेज ज्या राज्यात असेल त्या राज्याच्या नियमाने. बाँड किती वर्षांचा, मोडला तर दंड किती, हे एमसीसीच्या संकेतस्थळावर कॉलेजनिहाय दिलेलं असतं. चॉइस (कॉलेजांची पसंती) भरण्याआधी ते वाचा, जागा मिळाल्यावर नव्हे. दिल्लीचं एम्स आणि चंदीगडचं पीजीआय या दोन्ही कोट्यांत येतच नाहीत. त्यांची आयएनआय-सीईटी ही प्रवेश परीक्षा वर्षातून दोनदा वेगळी होते.

कॉलेज निवडताना माझं मत ठाम आहे: शहर शेवटी बघा. ऑर्थोची (दात सरळ करण्याच्या शाखेची) फिक्स्ड केस पहिल्या वर्षी सुरू केली तर तिसऱ्या वर्षापर्यंत चालते; विभागात नवीन रुग्णच येत नसतील तर तुम्ही काय संपवणार? सर्जरी घेणार असाल तर शेजारी ट्रॉमा घेणारं मोठं रुग्णालय आहे का आणि जबड्याची फ्रॅक्चर्स विभागाकडे येतात की परस्पर दुसरीकडे जातात, हे तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला विचारा. तोच खरं सांगतो. एंडोसाठी (रूट कॅनॉलच्या शाखेसाठी) ऑपरेटिंग मायक्रोस्कोप नुसता आहे का असं विचारू नका, त्यावर विद्यार्थ्यांना किती बसू देतात ते विचारा.

चॉइसचा क्रम लावताना "मिळण्यासारखं" आधी टाकू नका. यंत्रणा तुमचा रँक आल्यावर यादी वरून खाली वाचते आणि जी पहिली जागा रिकामी सापडेल ती देते. नायरचं ऑर्थो हवं असेल आणि मिळण्याची आशा कमी वाटत असेल, तरी ते एक नंबरला टाकल्याने खालच्या कुठल्याही जागेवरचा तुमचा हक्क कमी होत नाही. उलट नको असलेली जागा वर टाकली आणि ती मिळाली, तर त्या फेरीत यादी तिथेच थांबते. दुसऱ्या फेरीपासून जागा सोडण्याचे नियमही कडक होतात: अनामत जाते, आणि जॉइन झाल्यावर दुसऱ्या कोट्यातल्या पुढच्या फेऱ्यांचं दारही बंद होऊ शकतं. म्हणून दोन्हीकडच्या फेऱ्यांच्या तारखा एका कागदावर शेजारी शेजारी लिहा आणि एमसीसीची दुसरी फेरी स्वीकारण्याआधी सीईटी सेलची कुठली फेरी अजून बाकी आहे ते बघा.