केबल अडकली की इंजिन सुटलं?

जुन्या गाडीनं आपोआप रेस घेतली म्हटलं की पांढरकवड्यापासून वणीपर्यंत एकच निदान ऐकू येतं: "केबल अडकली असन, भाऊ." पुष्कळदा ते बरोबरही असतं. पण डिझेल गाडीत हुबेहूब तसंच वाटणारं दुसरं दुखणं आहे, आणि त्याचा इलाज नेमका उलटा आहे. तिथं केबल शोधत बसलात तर इंजिनाचे तुकडे वेचायची पाळी येते.

केबलचं, म्हणजे पेडलपासून इंजिनापर्यंत जाणाऱ्या रेसच्या तारेचं, तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून पटकन. तार आतून उसवते, गंजते, स्प्रिंग थकतो, नाहीतर दोन मॅटी एकावर एक टाकलेल्या असतात. (मॅटीवर वरून पोतं अंथरणाऱ्यांशी मी बोलणं सोडलं आहे.) खूण सोपी: पेडल खालीच राहिलेलं असतं किंवा सैल लोंबतं. क्लच दाबा, ब्रेक एकदाच दाबून धरा, गाडी कडेला घ्या, चाबी एकच खटका मागे. चालत्या गाडीत चाबी पुरती काढली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. ब्रेक पुनःपुन्हा मारू नका. पेट्रोल गाडीत रेस पूर्ण उघडी असताना ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम (हवेची पोकळी) भरत नाही, दोन-तीन दाबांत साठा संपतो आणि पेडल दगड होतं. नंतर नवी केबल टाका. जुनीत ग्रीस कोंबणं ही आमच्याकडची वाईट खोड आहे. उन्हाळ्यात त्यावर फुफाटा बसला की महिनाभरात केबल पुन्हा जिथल्या तिथं.

आता दुसरं. पेट्रोल इंजिनाला ठिणगी लागते. चाबी बंद केली की ठिणगी गेली, खेळ संपला. डिझेलला ठिणगी लागतच नाही. ते हवा जवळपास वीसपट दाबतं, त्या दाबानं हवा इतकी तापते की आत आलेलं इंधन आपोआप पेटतं. बहुतेक जुन्या डिझेल इंजिनात हवेच्या वाटेवर हवा रोखणारी झडपही नसते. रेस कमीजास्त होते ती पंप किती डिझेल सोडतो त्यावर. म्हणजे चाबी फक्त डिझेल तोडते. पण हवेच्या पाइपातून इंजिन ऑइलच आत जायला लागलं तर? इंजिनाला काय, डिझेल काय नि ऑइल काय. ते ऑइल जाळतं, वेग वाढतो, वेग वाढला की आणखी ऑइल ओढतं. तुमचा पाय पेडलवर नसतोच. यालाच इंजिन सुटणं म्हणतात.

आमची गाडी ऑइल बदलून आणली त्या दिवशी हे झालं. मिस्त्रीनं "थोडं जास्तच टाकलं, बरं राहते" म्हणून डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्याही पुढं ऑइल भरलेलं. गावाच्या चढावर इंजिन बोंबलायला लागलं, मागं निळसर-पांढऱ्या धुराचा ढग. मी गाडी थांबवली, चाबी काढली. चाबी माझ्या हातात आणि इंजिन चालूच! एक जण ओरडला बॅटरीची वायर काढा, दुसरा डिझेलचा पाइप सोडायला धावला. दोन्ही निरुपयोगी. जे डिझेलवर चालतच नाही, त्याचं डिझेल तोडून काय होणार?

तेव्हा खरी परीक्षा हीच: चाबी बंद केल्यावर इंजिन बंद पडतं की नाही. पडलं तर केबल, पेडल, फार तर पंप. नाही पडलं, पेडल आपल्या जागी वर आहे आणि धूर दाट आहे, तर इंजिन सुटलं समजा. आणि इथं क्लच दाबून धरायचा नाही. धरला की इंजिनावरचा भार जातो आणि ते आणखी पिसाळतं. गाडी उभी असेल तर सगळ्यात वरचा गिअर टाका, ब्रेकवर उभं राहा आणि क्लच झटक्यात सोडा. चालती असेल तर वरच्या गिअरमध्येच ब्रेक दाबून तिला गुदमरवा. माझी तशीच बंद पडली. क्लच प्लेट घासलेली असेल तर हे जमत नाही. मग हवा कोंडणं, म्हणजे हवेच्या पाइपाचं तोंड झाकणं, हाच उपाय, तोही अंग बाजूला ठेवून, सपाट फळीनं. फडकं लावू नका, ते आत ओढलं जातं. हात तर नाहीच.

बंद पडल्यावर "एकदा मारून पाहू" म्हणणाऱ्याला गाडीपासून दूर ठेवा. आधी डिपस्टिक काढा. ऑइल खुणेच्या वर आहे का, त्याला डिझेलचा वास येतो का? वास आला तर पंपातून किंवा नोझलकडून डिझेल चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, उतरतंय. मग टर्बोचा (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा) पाइप सोडून आत बोट फिरवा. नुसता ओलसरपणा चालतो. ऑइल साचलेलं असेल तर टर्बोचं सील संशयात. टर्बो ठीक निघाला तर ब्रीदरचा, म्हणजे इंजिनातली वाफ हवेच्या वाटेत सोडणारा, पाइप पाहा. पिस्टनच्या रिंगा गेल्या की ऑइल तिकडून हवेत चढतं. आणि पाइपात साचलेलं ऑइल पुसून काढल्याशिवाय चाबीला हात लावू नका, तेवढंही पुन्हा पेटायला पुरतं.

ट्रॅक्टरवाल्यांनो, तुमच्या एअर फिल्टरच्या वाटीत ऑइल असतं ना, तिच्यावर पातळीची रेघ आहे. रेघेपर्यंतच भरा. शेजाऱ्यानं काठोकाठ भरलं होतं. त्याचा ट्रॅक्टर अंगणात सुटला तेव्हा पाइप काढून तोंडावर आमच्या घरचा पोळपाट दाबला, तेव्हा कुठं थांबला. पोळपाटावरचा काळा गोल अजून निघाला नाही, आणि नवा आणायचं माझ्याकडं आहे.