माँटिचेलो की माँटपेलियर?

दोन्ही घरं अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातली, मोटारीने तासाभराच्या आतल्या अंतरावरची. दोन्ही विटांची आणि दर्शनी भागात उंच खांबांची. माँटिचेलो तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन याचं आणि माँटपेलियर चौथे राष्ट्राध्यक्ष जेम्स मॅडिसन याचं. दोघे जिवलग मित्र, त्यामुळे नावांची अदलाबदल सर्रास होते.

फोटोत ओळखायची सोपी खूण म्हणजे घुमट. घराच्या माथ्यावर घुमट असेल तर ते माँटिचेलो. अमेरिकेच्या पाच सेंटच्या नाण्यावर १९३८ पासून दिसतं ते हेच. माँटपेलियरलाही घुमट आहे, पण तो घरावर नाही. हिरवळीवर गोल मंडपासारखी छोटी वास्तू आहे, तिच्यावर आहे. त्या मंडपाखाली बर्फ साठवायचा खड्डा होता.

माँटिचेलो एकाच माणसाच्या डोक्यातून उतरलं आहे. जेफरसनने डोंगराचा माथा सपाट करून घेतला, घराचा आराखडा स्वतः काढला. पुढे पॅरिसमध्ये राजदूत असताना तिथल्या इमारतींनी त्याला असं वेड लावलं, की परतल्यावर १७९६ पासून त्याने घराचा वरचा भाग पाडून नव्याने बांधायला काढला. घर तीनमजली आहे, पण बाहेरून एकमजली वाटतं. दिवाणखान्याआधीच्या दालनातल्या घड्याळाची वजनं खाली सरकत आठवड्याचे वार दाखवतात. शनिवारपर्यंत भिंत पुरली नाही, म्हणून जमिनीला भोक पाडून तो वार तळघरात नेला!

माँटपेलियर मात्र वडिलोपार्जित. मॅडिसनच्या वडिलांनी ते १७६४च्या सुमारास बांधलं. १७९७ मध्ये मॅडिसन पत्नी डॉलीसह इथे परत राहायला आला तेव्हा शेजारी खोल्या वाढवल्या, दार वेगळं ठेवलं. पुढे तळघरांत स्वयंपाकघरंही दोन झाली: सासूबाईंचं एक, सुनेचं एक. एका छपराखाली दोन चुली, हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. मला हे घर जास्त जवळचं वाटतं ते वरच्या मजल्यावरच्या अभ्यासिकेमुळे. जेफरसनने पॅरिसहून पाठवलेली पुस्तकं वाचून मॅडिसनने प्राचीन संघराज्यं का मोडली याची टिपणं काढली, आणि अमेरिकेची राज्यघटना तयार करणाऱ्या १७८७च्या घटना परिषदेला तो त्या तयारीनिशी गेला.

विसाव्या शतकात द्यू पाँ या धनाढ्य उद्योजक कुटुंबाने हे घर इतकं वाढवलं की मॅडिसनचं घर आत हरवलं. २००३ ते २००८ मध्ये वाढीव भाग उतरवून ५५ खोल्यांवरून ते २२ खोल्यांवर आणलं.

एका बाबतीत मात्र दोन्ही घरांत फरक करता येत नाही. बांधली ती गुलामांनी, चालवली त्यांनीच. माँटपेलियरच्या तळघरातल्या काही विटांवर, ओल्या मातीत उमटलेले, विटा करणाऱ्या मुलांच्या बोटांचे ठसे आजही दिसतात. जेफरसन कर्जात बुडून १८२६ मध्ये वारला आणि पुढच्याच जानेवारीत सुमारे १३० माणसांचा लिलाव माँटिचेलोच्या डोंगरावर पुकारला गेला. मॅडिसनने मृत्युपत्रात कुणालाही मुक्त केलं नाही. डॉलीने १८४४ मध्ये घर विकलं. मॅडिसनचा गुलाम सेवक पॉल जेनिंग्ज १८४७ मध्ये मोबदला भरून सुटला. म्हातारपणी डॉलीकडे पैशांची चणचण असताना, आपण तिला स्वतःच्या खिशातून थोडेथोडे पैसे दिले, असं त्याने आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे.