केनरोकुएन

जपानच्या इशिकावा प्रांतातील कानाझावा शहरात, कानाझावा किल्ल्यालगतच्या उंचवट्यावर वसलेले ऐतिहासिक उद्यान. मितो येथील काइराकुएन आणि ओकायामा येथील कोराकुएन यांच्यासह जपानच्या तीन श्रेष्ठ उद्यानांत त्याची गणना होते. यांपैकी कोराकुएनची रचना पुणेकरांना परिचित आहे, कारण सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान त्याच्याच धर्तीवर उभारलेले आहे. केनरोकुएनचे क्षेत्र सुमारे ११ हेक्टर असून ऋतुमानाप्रमाणे पालटणाऱ्या देखाव्यासाठी ते प्रसिद्ध आहे.

कागा संस्थानाचे अधिपती असलेल्या माएदा घराण्याच्या अनेक पिढ्यांनी हे उद्यान घडविले. पाचवे अधिपती त्सुनानोरी यांनी १६७६ मध्ये किल्ल्यासमोरच्या उतारावर एक वाडा बांधून त्याभोवती बाग केली. १७५९ च्या मोठ्या आगीत ती जळाली. अकरावे अधिपती हारुनागा यांनी १७७४ मध्ये तिचे पुनरुज्जीवन करून मिदोरी धबधबा आणि युगाओतेई हे चहागृह बांधले. केनरोकुएन हे नाव बाराव्या अधिपतींच्या काळात मिळाले. विस्तीर्णता व एकांत, मानवी कौशल्य व प्राचीनता, वाहते पाणी व दूरवरचे दृश्य हे एरवी एकत्र न नांदणारे सहा गुण येथे एकवटले आहेत, असे ते सुचविते. तेरावे अधिपती नारियासु यांनी कासुमिगा तळे वाढवून उद्यानाला आजचे रूप दिले. १८७४ मध्ये ते सर्व लोकांसाठी खुले झाले आणि १९८५ मध्ये त्याला विशेष निसर्गरम्य स्थळाचा राष्ट्रीय दर्जा मिळाला.

उंचवट्यावरच्या या बागेत तळी, ओढे आणि धबधबा असणे हे मुळात नवलच आहे, आणि त्याचे श्रेय तात्सुमी कालव्याला जाते. १६३१ च्या आगीनंतर किल्ल्याला पाणी पुरविण्यासाठी साई नदीच्या वरच्या अंगापासून दहा किलोमीटरहून अधिक लांबीचा हा कालवा १६३२ मध्ये खोदण्यात आला. बंद नळातून खोल उतरलेले पाणी उगमाच्या पातळीकडे पुन्हा चढते, या तत्त्वाचा उपयोग करून ते खंदकाच्या पलीकडे किल्ल्यात नेले जाई. उद्यानातील कारंजेही कोणत्याही यंत्राविना, केवळ वरच्या तळ्याच्या पातळीमुळे, सुमारे साडेतीन मीटर उडते. तळ्याच्या काठी, एक पाय पाण्यात आणि दुसरा आखूड पाय दगडावर टेकलेला कोतोजी दगडी दीप उभा आहे. कोतो या तंतुवाद्याच्या घोडीसारखा त्याचा आकार असून तोच उद्यानाची ओळख बनला आहे.

फेब्रुवारीच्या अखेरीस प्लमची झाडे फुलू लागतात, एप्रिलच्या सुरुवातीस चेरीचा बहर येतो, मे महिन्यात ओढ्याकाठी जांभळे आयरिस उमलतात आणि नोव्हेंबरमध्ये यामाझाकी टेकडीवरचे मेपल लाल होतात. परंतु हे उद्यान खऱ्या अर्थाने समजून घ्यायचे असेल, तर ते हिवाळ्यात पाहावे. जपानच्या समुद्राकडून येणारे ओलसर वारे या भागात जड, चिकट बर्फ टाकतात आणि त्याच्या भाराने पाइनच्या पसरलेल्या फांद्या मोडतात. त्या वाचविण्यासाठी दरवर्षी १ नोव्हेंबरपासून ‘युकित्सुरी’चे काम सुरू होते. बुंध्याजवळ उंच खांब उभा करून त्याच्या टोकापासून प्रत्येक फांदीला भाताच्या पेंढ्याचे दोर बांधले जातात, तेव्हा झाडावर छत्रीच्या काड्यांसारखी शंक्वाकार रचना तयार होते. नारियासु यांनी बिवा सरोवराकाठच्या कारासाकी येथून बी आणवून वाढविलेल्या भव्य पाइनपासून या कामाला प्रारंभ होतो. त्या एकट्या झाडाला सुमारे ८०० दोर लागतात. खांबांवर चढून दोर ताणणाऱ्या माळ्यांचे कौशल्य पाहण्यासाठीही लोक आवर्जून येतात. मार्चच्या मध्यापासून दोर सोडण्यात येतात.

उद्यान वर्षभर खुले असून हिवाळ्यात त्याची वेळ थोडी कमी असते. चेरीच्या बहरात गर्दी फार असल्याने सकाळी लवकर जाणे श्रेयस्कर. २०१५ पासून शिंकान्सेन या अतिवेगवान रेल्वेने टोकियोहून कानाझावा सुमारे अडीच तासांत गाठता येते आणि स्थानकापासून उद्यानापर्यंत बसची सोय आहे. नारियासु यांनी १८६३ मध्ये आपल्या आईसाठी बांधलेला सेइसोनकाकु वाडा उद्यानाला लागूनच असून, त्यासाठी वेगळा वेळ राखून ठेवावा.