चिमणरावाचा पडद्यापर्यंतचा प्रवास, आणि 'पहिली मालिका' हा वाद

चिमणराव हा चिं. वि. जोशींच्या विनोदी कथांचा नायक, गुंड्याभाऊ त्याचा नात्यातला भाऊ, काऊ बायको आणि मोरू मुलगा; याहून जास्त ओळख इथे करून देत बसत नाही. घोळ होतो तो पुस्तकांच्या क्रमाचा. चिं. वि. जोशींचं 'एरंडाचे गुऱ्हाळ' 1932 सालचं, 'चिमणरावाचे चऱ्हाट' त्याच्या पुढच्या वर्षीचं. मग 'आणखी चिमणराव' 1944 आणि 'गुंड्याभाऊ' 1947. एरंडातून रस निघत नाही आणि चऱ्हाट काही केल्या संपत नाही, म्हणजे दोन्ही नावांत लेखकाने आपल्याच बडबडीची आधी खिल्ली उडवून घेतली आहे. पाली भाषेचा हा पंडित बडोदे संस्थानात नोकरीला होता. पुण्याच्या मध्यमवर्गाकडे थोडं लांबून बघणं त्याला जमलं, त्यात या लांब असण्याचा वाटा असावा.

सिनेमा लवकर आला. 'लग्न पहावं करून' 1940 चा, 'सरकारी पाहुणे' 1942 चा. दोन्हींचा दिग्दर्शक एकच, मास्टर विनायक, आणि चिमणराव झालेला नटही एकच, दामूअण्णा मालवणकर. या नटाची तिरळी नजर मराठी प्रेक्षकांच्या ओळखीची होती, त्यामुळे तो पडद्यावर आला की संवादाआधीच हशा पिकायचा. पुस्तकातला चिमणराव मात्र स्वतःला अत्यंत शहाणा समजतो आणि आपली फजिती गंभीर चेहऱ्याने सांगतो. ती गंमत सिनेमात किती उरली असेल, याबद्दल मला शंका आहे. लेखक 1963 साली गेले. पुढचा चिमणराव त्यांना बघायला मिळाला नाही.

तो चिमणराव 1977 साली टीव्हीवर, मालिकेतून आला. मुंबई दूरदर्शन सुरू होऊन जेमतेम पाच वर्षं झाली होती. चित्र कृष्णधवल, वाहिनी एकच, आणि चाळीत ज्याच्याकडे संच असेल त्याच्या घरी त्या संध्याकाळी चपलांचा ढीग. 'चिमणराव गुंड्याभाऊ' या मालिकेतल्या दोन मुख्य नटांची, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांची, नावं आजही घरोघरी माहीत आहेत. काळ 1930-40 चा ठेवला होता. धोतर-कोट, बुचड्याची काऊ, घरातले बारीकसारीक तंटे. गोष्टी निरनिराळ्या पुस्तकांतून उचललेल्या, प्रत्येक भाग आपल्यापुरता पूर्ण.

वादाची मेख इथेच आहे. 'भारतातली पहिली मालिका' म्हटलं की 1984 च्या 'हम लोग' या हिंदी मालिकेचं नाव पुढे येतं. मराठी माणूस लगेच सात वर्षं मागचा चिमणराव काढतो. दिल्लीकरांचं उत्तर असं की 'हम लोग'मध्ये एकच कथा दीडशेहून अधिक भाग पुढे सरकत गेली, शिवाय ती देशभर दिसली. चिमणरावात सुट्या गोष्टी होत्या आणि प्रक्षेपण एका केंद्रापुरतं. हा फरक खरा आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण तीच माणसं, तेच घर आणि ठरलेल्या वेळी पुन्हा तीच मंडळी भेटणार म्हणून थांबलेला प्रेक्षक, याला मालिका म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? 'पहिली' हा शब्द व्याख्येवर चालतो आणि व्याख्या बहुधा ज्याच्याकडे जास्त प्रेक्षक असतात तोच करतो. माझा कौल चिमणरावाला आहे, हे लपवत नाही.

अडचण अशी की हा कौल पुराव्यानिशी मांडायचा तर दाखवायला फारसं काही हाती नाही. त्या काळी टेप महाग होत्या आणि कार्यक्रम प्रक्षेपित झाला की त्याच टेपवर पुढचा चित्रित करायची पद्धत होती. चिमणरावाचे बहुतेक भाग असे पुसले गेले. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले. निर्णय घेणाऱ्याला दोष देणं आज सोपं आहे. बीबीसीनेही साठ-सत्तरच्या दशकांत आपले लोकप्रिय कार्यक्रम असेच पुसले होते. घरी व्हिडिओ येईल आणि लोक जुनं पुन्हा मागतील, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हतं. तरीही पुढच्या आठवड्याच्या कुठल्या कार्यक्रमासाठी चिमणराव पुसला गेला असेल, हा प्रश्न काही मनातून जात नाही.

मालिकेच्या यशावर 1979 साली त्याच जोडीला घेऊन त्याच नावाचा चित्रपटही निघाला. मालिकेइतका तो कुणाच्या बोलण्यात येत नाही. पुस्तकं मात्र अजून मिळतात, आणि ज्याने मालिका पाहिली आहे तो ती वाचताना चिमणराव ऐकतो तो 1977 च्याच आवाजात.